कावळा आणि फॅसिस्टांचा प्रश्न

"बाबांच्या वर्षश्राद्धात राजकारणाचा 'र'सुद्धा निघणार नाही. झूमची होस्ट मी आहे!" आयर्लंडमधल्या ल्यूकन गावातल्या घरी, स्वयंपाकघरात सकाळी साडेसातला लॅपटॉप उघडत मुक्ताने नवऱ्याला बजावलं.

"ग्रँड," असं आयरिश थाटात म्हणून संकेत टोस्ट खात राहिला.

गेल्या वर्षी कोरोनामुळे विमानं बंद होती. बाबांना शेवटचं पाहता आलं नव्हतं. निदान आज कावळा शिवताना तरी बघायचा, एवढंच तिला हवं होतं.

पुण्यात भर दुपार. हेमचंद्र काका मोबाइल धरून गच्चीवर उभे. कठड्यावर पान वाढलेलं. कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला आणि परीक्षेतल्या सुपरवायझरसारखा सगळ्यांकडे बघत राहिला. वीस मिनिटं!

"दादाची काहीतरी इच्छा राहिलीय," विभावरी आत्या म्हणाली. "हेमू, तुमचा तो वाद!"

वाद बारा वर्षांचा. काकांच्या मते जगातले निम्मे पुढारी फॅसिस्ट. बाबा इतिहासाचे प्राध्यापक. ते म्हणायचे, "उद्दाम म्हण, हुकूमशहा म्हण. फॅसिस्ट म्हणायचं तर पुरावे आण." काका कात्रणं आणायचे, बाबा त्यांना लाल पेनाने गुण द्यायचे. आजवरचा उच्चांक शंभरापैकी एकतीस!

"दे वचन त्याला!" आत्या म्हणाली.

"कावळ्यासाठी मतं बदलू?"

"काका, प्लीज!" मुक्ता आयर्लंडमधून ओरडली.

काकांनी घसा खाकरला. "बरं, दादा. विचार केल्याशिवाय कुणाला फॅसिस्ट म्हणणार नाही."

कावळा टुणकन कठड्यावर उतरला!

"पण तो एक मात्र शंभर टक्के..."

कावळा परत टाकीवर!

मुक्ताचा संयम सुटला. काकांना म्यूट करायला बोट धावलं आणि पडलं 'रिमूव्ह'वर. काका गेले. त्यांच्याबरोबर मोबाइल गेला, गच्ची गेली, पान गेलं. स्क्रीनवर उरली एकटी मुक्ता. आणि झूम एकदा हाकललेल्या माणसाला काही केल्या परत घेईना!

पाच मिनिटांनी काकांचा फोन. "शिवला! तू हाकललंस, माझी वाचाच बसली. मनातच म्हटलं, दादा, तो शब्दच सोडला, आता कुणालाच म्हणणार नाही. लगेच आला!"

"मला दिसलं नाही, काका."



"सख्ख्या भावाच्या श्राद्धातून मलाच हाकलून देणाऱ्या बाईला काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे," काका कुजबुजले. "पण दादा अजून जेवतोय. व्हिडिओ कॉल लाव, लवकर!"