पलंगाखालची पाहणी

मी माणूस तसा वाईट नाही, फक्त तपासनीस आहे. आमच्या कार्यालयात जे अर्ज येतात ते आधी माझ्या टेबलावर येतात, मी त्यात त्रुटी काढतो आणि अर्ज परत पाठवतो. बावीस वर्षं हेच चाललंय. माझ्या टेबलावरून पहिल्या फटक्यात पुढे सरकलेला अर्ज अजून कोणी पाहिलेला नाही, असं लोक म्हणतात. (हे लोक कौतुकाने म्हणतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.)

एका संध्याकाळी आमची चिऊ माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. वय वर्षं दहा.

"बाबा, मला ससा हवाय."

आता मी सरळ "नाही" म्हणालो असतो, तर थोडी रडारड होऊन विषय मिटला असता. पण जिभेला हाड नसतं. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "अर्ज कर."

दहा मिनिटांत वहीचं पान समोर आलं. मी वाचलं, खाली लाल पेनाने "तारीख नाही, परत" असं लिहिलं आणि पेपरात शिरलो. दुसऱ्या दिवशी तारीख घालून आला. त्यावर सही नव्हती. परत. तिसऱ्यात सशाचा रंग लिहिलेला नव्हता. परत. मला वाटलं, पोरगी कंटाळेल. पण रक्त माझंच ना! चौथा अर्ज आला तो टाचणी लावून. विषय, संदर्भ, तारीख, सही, रंग (करडा), आणि सोबत कोणी मागितलेलं नसताना आईचं ना-हरकत पत्र. त्यात बायकोने लिहिलं होतं, "माझी हरकत नाही. घरात एकाचं करतेच आहे, त्यात आणखी एक."

अर्जात त्रुटी नव्हती. मी पान उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. नाइलाजाने "मंजूर" लिहिलं आणि तिथून माझे ग्रह फिरले.

ससा चिऊने आधीच हेरून ठेवला होता. बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहात होता. कोणीतरी त्याला खोक्यात घालून बाजाराबाहेर सोडून गेलं होतं. एक कान फाटका. मी त्याच्या पिंजऱ्याशी वाकलो तर तो कोपऱ्यात तोंड घालून बसला आणि माझ्याकडे पाठ केली.

"घाबरतो तो," आश्रयगृहाच्या बाई म्हणाल्या. उंच, शांत, हातात फायलींचा गठ्ठा. मला त्यांच्याविषयी लगेच आदर वाटला. "दोन घरांनी नेला होता. दोघांनीही परत आणून सोडला. म्हणून आता आम्ही घर पाहिल्याशिवाय देत नाही. ही यादी घ्या, रविवारी बारा वाजता मी पाहणीला येते. आणखी एका कुटुंबाने मागितलाय, त्यांच्याकडे बाग आहे. तुमचं घर जमलं नाही तर तो तिकडे जाईल."

आम्ही घरी परतलो. जिना चढताना चिऊ हळूच म्हणाली, "बाबा, त्याला दोनदा परत पाठवलंय."

परत पाठवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी त्या वेळी तो शब्द मला टोचला. मी म्हणालो, "या वेळी नाही. तुझ्या बाबाने तयार केलेलं घर आहे, त्यात काय त्रुटी काढतात बघूच!"

(बायको मागून येत होती. तिने जिन्यातच कपाळाला हात लावला.)

यादीत सतरा कलमं होती. पहिलं कलम: ससा वायरी कुरतडतो, वायरी झाका. आता माणूस काय करेल? टीव्हीमागच्या दोन वायरी झाकेल. मी घरातली प्रत्येक वायर बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपात घातली. बावीस मीटर पाइप. टेबल-लॅम्प, पंखा, इस्त्री, सगळ्यांना हिरव्या शेपट्या फुटल्या. मोबाइलच्या चार्जरचा प्लग पाइपात असा गेला की शुक्रवारपासून बायकोचा आणि माझा, दोन्ही फोन बंद. दाराच्या बेलची वायर फार खालून गेली होती, ती मी उपटूनच टाकली.

"अहो, बेल वाजली नाही तर कोणी आलेलं कळणार कसं?"

"दार वाजवतील. पूर्वी काय बेला होत्या?"

पाचवं कलम: विषारी झाडं काढा. आमच्या खिडकीत एकच कुंडी. झाडाचं नाव कोणालाच ठाऊक नाही. ज्याची ओळख पटत नाही त्याला आत ठेवायचं नाही, हा आमच्या कार्यालयाचा नियम. बायकोने सात वर्षं जपलेलं झाड शेजारच्या सुतारकाकांकडे गेलं. त्या रात्री बायकोने माझं ताट जरा जोरातच आपटलं.

नववं कलम: फरशी गुळगुळीत असल्यास सशाचे पाय घसरतात, सतरंजी घाला. ही मी शेवटी घालायची म्हणून ठेवली. हे लक्षात ठेवा.

अकरावं कलम मात्र माझं आवडतं. "सशाच्या उंचीवरून घर पाहा." मी रविवारी सकाळी घरभर रांगलो. त्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. सोफ्याखाली मला तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला आणि त्या चष्म्याने मग इतर फटी सापडल्या. कपाटाखालची फट मी प्लायवूडची पट्टी ठोकून बुजवली. खाली फक्त दोन बोटं जागा ठेवली, हवा खेळायला. राहिला झोपायच्या खोलीतला पलंग. त्याच्या दोन बाजू भिंतीला लागून, दोन उघड्या. ससा आत जाऊन बसला तर काढणार कसा? लांब बाजूला फळी बाहेरून लावली. उरली पायथ्याची आखूड बाजू.

तेव्हा साडेदहा झाले होते. बायको आणि चिऊ कोथिंबीर आणि सुकं गवत आणायला निघाल्या.

"अहो, दार नुसतं लोटून घेतेय. आणि आता काही नवीन काढू नका, घर बरं दिसतंय."

घर बरं दिसत होतं, पण मला एक त्रुटी दिसली. लांब बाजूच्या फळीवर स्क्रूची डोकी बाहेर आली होती. ससा नाक घासणार, नाकाला लागणार, बाई लिहून घेणार. म्हणून आखूड बाजूची फळी मी आतून लावायची ठरवली. पलंगाखाली सरपटत गेलो, फळी ओढून घेतली, तोंडात टॉर्च धरला आणि चार स्क्रू असे पिळले की सुतारकाकांनी येऊन पाया पडावं. काम फत्ते! मी समाधानाने स्क्रूड्रायव्हर खालच्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर सरकवला. आधी हत्यारं बाहेर, मग माणूस, ही माझी शिस्त.

मग माणूस निघाला, आणि माणसाला कळलं की बाहेर जायची वाट माणसाने आत्ताच बंद केली आहे.

मी फटीतून हात घातला. बोटं गेली, मनगट जाईना. डोळा लावून पाहिलं तर स्क्रूड्रायव्हर गुळगुळीत फरशीवरून (नववं कलम!) घसरत घसरत थेट कपाटाखाली गेला होता, माझ्याच पट्टीच्या पलीकडे. फळीला लाथ मारावी तर पाय दुमडायला जागा नाही. फोन बाहेर, तोही बंद. मी पडून राहिलो. सशाचं काळीज कसं धडधडत असेल, ते मला त्या दिवशी नेमकं समजलं.

अकरा वाजता दारावर टकटक झाली. बाई. तासभर आधी. पाहणीला सांगितलेल्या वेळेआधी जायचं, म्हणजे खरं चित्र दिसतं, ही युक्ती मी स्वतः कितीदा वापरली आहे!

"कोणी आहे का? मी फोन करत होते, लागला नाही."

"या, या! दार उघडंच आहे!"

पावलं आली, बैठकीत थांबली, मग झोपायच्या खोलीच्या दारात आली. मला दोन करड्या चपला दिसल्या.

"तुम्ही कुठे आहात?"

"पलंगाखाली."

चपला जराशा मागे सरकल्या.

"अकरावं कलम," मी शक्य तेवढ्या अधिकाराने म्हणालो. "सशाच्या उंचीवरून पाहणी चालू आहे. तुम्ही विचारा, मी इथूनच उत्तरं देतो."

कागदाचा आवाज झाला. बाई खरंच विचारू लागल्या. धन्य त्यांची!

"वायरी?"

"एकूण एक झाकल्या आहेत."

"दिसतंय. पंख्याचीसुद्धा. छतावरच्या." जरा थांबून त्या म्हणाल्या, "ससे छतावर जात नाहीत. बरं, घाबरला तर त्याला लपायला जागा?"

"आहे ना! मी आत्ता आहे तीच. अंधारी, शांत, तिन्ही ऋतूंत थंड."

"छान. पण लपायच्या जागेला बाहेर पडायच्या दोन वाटा लागतात. सतरावं कलम. एकच असली तर त्याला कोंडल्यासारखं वाटतं. इथे किती आहेत?"

मी सोळाव्या कलमापर्यंतच आलो होतो.

"बोला. किती वाटा आहेत?"

बावीस वर्षांत मी खोट्या माहितीवर कोणाचा अर्ज मंजूर केलेला नाही. म्हणालो, "सध्या एकही नाही."

करड्या चपला पलंगाजवळ आल्या.

"म्हणजे तुम्ही..."

"हो."

एवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि बायकोचा आवाज आला, "अगंबाई, तुम्ही आलात पण! हे कुठे गेले?"

"पलंगाखाली," बाई म्हणाल्या. "त्यांना बाहेर येता येत नाहीये."

बायको हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग भिंत धरून. मी सात वर्षांच्या झाडाचा हिशेब पुरता झाला असं समजून ऐकत राहिलो. पण चिऊ हसली नाही. तिचा आवाज अगदी बारीक आला.

"बाई, आता ससा त्या बागवाल्यांना जाणार?"

बाईंनी यादीचं पान उलटलं. मी मात्र तिथे पालथा पडून जे काही वाटून घ्यायचं ते वाटून घेतलं. परक्या माणसांचे हजारो अर्ज मी परत पाठवले, एकदाही झोप उडाली नाही. आज माझ्या पोरीचा परत जाणार होता आणि त्यातली त्रुटी मी होतो.

मग फटीशी काहीतरी हललं. चिऊ फरशीवर पोटावर झोपली होती, गाल जमिनीला टेकवून. तिने हात आत घातला नाही, ओरडली नाही. कोथिंबिरीची एक काडी हळूच आत सरकवली.

"बाबा, घाबरू नकोस. मी इथेच आहे. तुला वाटेल तेव्हा ये."

मी कोथिंबीर खाल्ली. दुसरं काय करणार? डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळे असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"बाळ, हे तुला कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या यादीत होतं ना. चौदावं कलम. घाबरलेल्याला ओढून काढायचं नाही."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. कोणीतरी शेरा लिहीत होतं.

"आता यांना काढायचं कसं? सुताराला बोलवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"सुतार कशाला?" बायको म्हणाली. तिने गादी उचलून भिंतीला टेकवली, पलंगाच्या दोन सुट्या फळ्या बाजूला केल्या, आणि माझ्या डोक्यावर लख्ख उजेड पडला. "या."

काखेत कळसा नि गावाला वळसा! पलंगाच्या फळ्या सुट्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी एकदाही गादी उचलून झाडलेली नाही, हे आश्रयगृहाच्या बाईंसमोर असं सिद्ध झालं. मी पलंगाच्या मधोमध उभा राहिलो, केसांत जळमटं, दाताला कोथिंबीर. नमस्कार केला.

बाईंनी फॉर्म माझ्यापुढे धरला. मी सवयीने शेवटच्या रकान्यापासून वाचायला घेतला. "घर मंजूर. मुलगी अतिशय योग्य. आई खंबीर. घरातल्या मोठ्या सशाला दुरुस्तीची हत्यारं देऊ नयेत, आणि त्याच्यासाठीही दोन वाटा मोकळ्या ठेवाव्यात." खाली छापलं होतं, "वरील शेरा मान्य", आणि सहीची जागा.

मी फॉर्म तीनदा वाचला. शब्द न् शब्द तपासला. त्रुटी नव्हती. असा निर्दोष कागद माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. मी तिथेच पलंगात उभा राहून सही केली आणि मोठ्या दिमाखाने कागद चिऊच्या हातात दिला.

चिऊने तो वरून खाली वाचला. मग दप्तरातून लाल पेन काढलं.

"बाबा, तारीख नाही," ती म्हणाली. "परत."