उघड्या खिडकीचे तज्ज्ञ

राजधानीच्या जुन्या धक्क्यालगत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाण्याकडची खिडकी दिवसभर उघडी ठेवावी, असा आदेश वारसा जतन कार्यालयाने काढला, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या अप्पांनी वाजवल्या. आदेश त्यांच्याच तोंडच्या वाक्यावरून निघाला होता.

अप्पा एरवी विमा कचेरीत कारकून, पण सुट्टीच्या दिवशी इतिहासकार. पाहुण्यांना ते गल्लीबोळांतून फिरवत, आणि माहिती कमी पडली की पदरची घालत. एकदा एका पाहुणीने विचारलं, "इथल्या खिडक्या एवढ्या मोठ्या का हो?" खरं कारण अप्पांना ठाऊक नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. "इथल्या आया समुद्रावर गेलेल्या मुलांची वाट बघत खिडकीत बसायच्या," ते वरच्या खिडकीकडे बोट दाखवत म्हणाले. "मुलगा घरी येईपर्यंत खिडकी लावायची नाही, ही इथली रीत!" पाहुणीने डोळे पुसले. घोळक्यात कार्यालयाच्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी वाक्य टिपून घेतलं.

थंडी पडली तसा समुद्रावरचा वारा न विचारता स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागला. अप्पांच्या आईची छाती आधीच नाजूक.

"अरे, ती खिडकी लाव बघू," आई कुडकुडत म्हणाली.

"आई, ती नुसती खिडकी राहिली नाही आता. परंपरा आहे ती."

"मग त्या परंपरेला म्हणावं, माझ्या छातीला शेक दे."

तेवढ्यात कार्यालयाच्या लक्षात आलं, की खिडक्या उघड्या आहेत पण रिकाम्या आहेत. रिकाम्या खिडकीतून इतिहास पुरेसा दिसत नाही, म्हणून सुधारित आदेश निघाला: घरात वृद्ध माता उपलब्ध असल्यास तिने खिडकीत बसावे. बाकीची म्हातारी माणसं केव्हाच नव्या वसाहतींत राहायला गेली होती. गल्लीत उपलब्ध माता एकच उरली होती, ती अप्पांची. ती खोकायला लागली की खालचे पाहुणे हळहळत आणि कॅमेरे वर करत. घरी आलेल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "हा वारा असाच लागत राहिला तर यांचं काही खरं नाही."

अप्पांची झोप उडाली. आईवर त्यांचा फार जीव होता. ते तडक कार्यालयात गेले. तिथल्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या आणि आत छान ऊब होती.

"बाई, ती रीत खोटी आहे हो. मी आपली थाप मारली होती."

"हे तुमचं वैयक्तिक मत झालं," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे तज्ज्ञाचा आधार आहे."

"तो तज्ज्ञ मीच ना!"

"असाल. पण तज्ज्ञाचं म्हणणं खोडायचा अधिकार फक्त तज्ज्ञ समितीला आहे."

"समितीत कोण कोण आहे?"

"सध्या तुम्ही एकटेच."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. बैठक रीतसर बोलावण्यात आली. लांबलचक टेबलाच्या टोकाला अप्पा, समोर चहा आणि पितळेची पाटी: 'ज्येष्ठ तज्ज्ञ'. विमा कचेरीत उभा जन्म गेला, पण पाटी कधी मिळाली नव्हती. अप्पांनी ती रुमालाने पुसली, जरा सरळ केली.

"मग लिहू ना," लेखनिक म्हणाला, "की ज्येष्ठ तज्ज्ञांनी थाप मारली होती?"

"थाप? अगदी तोच शब्द हवा का?"

"दुसरा सुचवा. शब्द कुठलाही लिहिला तरी पाटी मात्र मला आजच काढून न्यावी लागेल."

अप्पांनी चहा संपवला. आईचा खोकला त्यांना आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. तरीही, विषय गुंतागुंतीचा असून अधिक अभ्यासासाठी राखून ठेवावा, असा ठराव त्यांनी मांडला आणि एकमताने संमत केला.

"झालं का काम?" घरी बायकोने विचारलं.

"समिती अनुकूल आहे. थोडा वेळ लागेल."

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सासूबाईंची पिशवी भरली. नणंदेचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. अप्पा त्या वसाहतीला नेहमी 'इतिहास नसलेली खुराडी' म्हणत. तिथल्या खिडक्या मात्र एका बोटाने लागायच्या. उंबऱ्यात आई क्षणभर थांबली.

"आता तू बस वाट बघत," ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून जिना उतरली.

आई गेली, आदेश राहिला. खिडकी रिकामी दिसली तर परंपरेचा भंग होतो, आणि तज्ज्ञाच्याच घरी भंग म्हणजे कार्यालयाचीच शोभा. म्हणून अप्पा आता आईची शाल डोक्यावरून घेऊन तिथे बसतात. खोकला खरा आहे, त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागत नाही. मागच्या सुट्टीत खालून तुम्हीच हात केला होता. त्यांनीही उलट हात केला, तेव्हा तुम्ही शेजारच्याला म्हणालात, "किती समाधानी असतात नाही ही जुनी माणसं!" आणि वारा बोचायला लागला म्हणून हॉटेलवर परतलात.