लोंबाजीला सुलटं केलं, त्याची गोष्ट

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. घाई कसलीच नाही.

एका जंगलात एक वड होता. त्या वडाला लोंबाजी नावाचं वटवाघूळ उलटं लटकून झोपायचं. दिवसा झोप मोडू नये, एवढंच काय ते त्याचं मागणं.

पण जंगलात एक मंडळ निघालं. 'नाना तऱ्हा, एक कुटुंब मंडळ'. अध्यक्ष अस्वलआप्पा. मंडळानं ठरवलं, आपल्यात जो वेगळा आहे त्याला समजून घ्यायचं. वेगळा कोण? सगळ्यांनी वर पाहिलं.

झालं. भर दुपारी सगळं मंडळ वडावर चढलं आणि लोंबाजीशेजारी उलटं लटकलं. आप्पांचं तोंड सुजलं. सशाला घेरी आली. साळुंकी चक्क बोलायची थांबली. मग एकेक जण पिकल्या फणसासारखा धपकन खाली.

"अरेरे!" आप्पा कंबर चोळत म्हणाले. "लोंबाजीराव, किती सोसता हो तुम्ही!"

लोंबाजीनं एक डोळा उघडला. "कोण, मी? मी बरा आहे की, आप्पा. निजू द्या."

"ऐकलंत?" साळुंकीला पुन्हा कंठ फुटला. "दुखतंय हेसुद्धा कळेनासं झालंय बिचाऱ्याला!"

ससा तर रडायलाच लागला.

फार प्रेमळ मंडळी, बाळांनो. त्यांनी वेलीचा दोर वळला. लोंबाजीला सुलटं केलं. डोकं वर, पाय खाली, आणि खोडाला करकचून बांधलं.

"आता कसं वाटतंय?"

"आप्पा, गरगरतंय हो. झोप येत नाही."

"होईल सवय. आम्हाला नाही का झाली?"

तीन दिवस लोंबाजीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी तो हमसून हमसून रडला.

मंडळाला केवढा आनंद!

"मोकळा झाला गं बाई!" साळुंकी म्हणाली. "आता खरा आपल्यातला वाटतो."

लगेच हार आणला, लोंबाजीच्या गळ्यात घातला. त्याच्या डोक्याच्या वर, खोडाला पाटी ठोकली: 'इथे सर्वांचे स्वागत आहे.'

"आता तरी सोडा," लोंबाजी म्हणाला.

"सोडतो की," आप्पा म्हणाले. "शेजारच्या जंगलातली मंडळी तुम्हाला बघायला यायची आहेत. ती तेवढी बघून जाऊ द्या."

तात्पर्य: शेजाऱ्याचं दुःख समजून घ्यावं. त्याला नसलंच, तर आपल्यातलं थोडं द्यावं.