वसतिगृह क्रमांक तीनच्या प्रमाणित आठवणी

मनुष्य वसतिगृहात चार वर्षे राहतो आणि तेथून बाहेर पडण्यास त्याला उरलेले आयुष्य अपुरे पडते. हे सत्य कोणत्याही देशात आणि कोणत्याही हवामानात टिकते. सध्या ते आल्मेरे येथे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चपला दाराबाहेर काढून पाहता येते.

'वसतिगृह क्रमांक तीन माजी निवासी मंडळ, नेदरलँड्स शाखा' ही अत्यंत शिस्तबद्ध संस्था आहे. (मुख्य शाखा अद्याप स्थापन झालेली नाही, परंतु शाखेचे काम त्यामुळे अडलेले नाही.) सदस्य एकोणीस. सर्वांनी घाटाखालच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एकाच तीन मजली इमारतीत तारुण्य घालवले, सर्वांचे गुडघे आता दुखू लागले आहेत, आणि सर्वांचा ठाम विश्वास आहे की त्या इमारतीत पाणी येत नसे म्हणूनच तेथे माणसे घडली. आज त्यांच्या घरी पाणी चोवीस तास येते. मुले घडत नाहीत, अशी तक्रार आहे.

सुरुवातीला मंडळाकडे नुसत्या आठवणी होत्या. मग एका आठवणीवरून वाद झाला. रेक्टरांची स्कूटर गच्चीवर कोणी चढवली, हा तो प्रश्न. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की नेदरलँड्समधील अकरा, अमेरिकेतील सतरा आणि पुण्यातील तेरा अशा एक्केचाळीस जणांनी ती उचलली होती. स्कूटरचे वजन ध्यानात घेता प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अडीच किलो आले. एवढ्यासाठी एक्केचाळीस तरुणांनी तीन जिने चढावेत, ही सांघिक भावना आजच्या पिढीत उरली नाही, यावर सर्वांचे एकमत झाले; वाद मात्र मिटला नाही. तेव्हा अध्यक्ष मनोहरराव यांनी (वय त्रेपन्न, स्लोटरडाइकच्या एका बँकेत संगणक प्रणालींचे मुख्य रचनाकार) आठवणींचे प्रमाणीकरण सुरू केले.

पद्धत साधी आहे. कोणत्याही आठवणीस दोन साक्षीदार मिळाले की ती प्रमाणित होते. प्रमाणित आठवण पुन्हा रद्द करता येत नाही, कारण तिच्यावर इतर आठवणी उभ्या असतात. एकच कृत्य दोघांच्या नावे लागत नाही. (स्कूटर अपवाद.) ज्या आठवणीस मालक नाही ती 'बेवारस' ठरून मंडळाच्या ताब्यात राहते. आणि नव्या सदस्यास प्रवेश हवा असल्यास किमान दोन जुन्या सदस्यांना तो आठवला पाहिजे. येथील खेमेन्ते, म्हणजे नगरपालिका, आपण कुठे राहता एवढेच विचारते. मंडळ विचारते, आपण कुठे राहिला होतात. दुसरा प्रश्न अवघड आहे.

सचिव म्हणून समितीला असा मनुष्य हवा होता की ज्याला त्या वसतिगृहाची एकही आठवण नाही. मी (विराज, समुद्रकाठच्या काँक्रीटला पडणाऱ्या भेगांवर संशोधन करतो, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये राहतो) ही अट पूर्ण करत होतो. मी कॉलेज घरून केले. आईने डबा दिला, मी तो खाल्ला. या घटनेस एकही साक्षीदार नाही. गेली दोन वर्षे मी मंडळाचे इतिवृत्त लिहितो. मनोहरकाका मला विकास म्हणतात, उपाध्यक्ष नरेंद्रकाका विवेक म्हणतात. मी दोन्ही नावांना ओ देतो. शनिवारी कोणीतरी आपल्याला हाक मारणे ही या देशात मोठी गोष्ट आहे. ती किरकोळ चुकीसाठी परत करू नये.

मंडळाच्या संग्रहात आजमितीस एकशे सहा प्रमाणित आठवणी आहेत. त्यांपैकी प्रथम श्रेणीची एकच: 'कावीळ व सायकल'. दुसऱ्या वर्षाला असताना मनोहरकाकांना कावीळ झाली. भर उन्हात एका मित्राने त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि म्हणून ते आज आल्मेरेत घराचे हप्ते फेडण्यास जिवंत आहेत. तो मित्र म्हणजे नरेंद्रकाका. साक्षीदार दोन. पहिले स्वतः मनोहरकाका, ज्यांना ग्लानी होती. दुसरे जयेश नावाचे सदस्य, जे त्या आठवड्यात गावी गेले होते, परंतु ज्यांना नरेंद्रकाकांचा स्वभाव माहीत होता.

या एका सायकलीच्या जोरावर नरेंद्रकाका हीटरजवळच्या मऊ खुर्चीत बसतात आणि पहिला चहा त्यांना मिळतो. या देशात त्यांना वीस वर्षे झाली; येथे आजीबाई, प्राध्यापक आणि तीन मुलांना पुढच्या खोक्यात बसवलेल्या आया सायकलवरून जातात; नरेंद्रकाका बसने जातात. मित्राला पोहोचवल्या दिवसापासून त्यांना सायकल पाहिली की गलबलून येते, असे त्यांनी लेखी कळवले आहे. मंडळाने हा सबळ पुरावा मानला.

अशा सुस्थितीतील संस्थेकडे जून महिन्यात दीनानाथ यांचा अर्ज आला.

दीनानाथ वर्षभरापूर्वी नोकरीनिमित्त आल्मेरेत आले होते. सभेला, मनोहरकाकांच्या घरी, ते स्वतःच्या सायकलवर आले. पँटच्या एका पायाला रबर लावलेले, हातात चकल्यांचा डबा. डबा कोणाच्या हाती द्यावा हे न कळल्यामुळे ते तो मांडीवर घेऊन बसले. मला त्यांच्याकडे नीट पाहवेना. मी कुठे गेलो की असाच बसतो.

"टोपणनाव?" नरेंद्रकाकांनी सुरुवात केली.

"नव्हतं."

"असं कसं? मी टायगर. हा मन्या डंपर. तुम्हाला काय म्हणायचे?"

"दीनानाथ."

समितीने एकमेकांकडे पाहिले. चार वर्षे राहून ज्याला आई-वडिलांनी ठेवलेले नावच राहिले, असा निवासी मंडळाच्या घटनेत बसत नव्हता.

"बरं," मनोहरकाका म्हणाले, "बुधवारी मेसला काय असायचं?"

"वांगं. तुम्ही ते शेजारच्या ताटात ढकलायचात."

"शेजारी कोण बसायचं?"

"मी."

मनोहरकाकांनी चष्मा काढून पुसला. "वांगं बरोबर आहे," ते म्हणाले. (इतिवृत्त: वांगे मान्य. शेजारी अनिर्णित.)

स्वयंपाकघरातून मृदुलाकाकूंचा, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नीचा, आवाज आला. "अहो, ते वांगं अजून माझ्या ताटात येतं. माणूस खरा आहे. घेऊन टाका."

"मृदुला, तू तिथे नव्हतीस."

"नव्हते. पण लग्न झाल्यापासून तिथेच राहतेय."

त्यानंतर तासभर दीनानाथ विचारलेले सर्व काही सांगत गेले. कोणाची ट्रंक कोणत्या रंगाची, कोणाला घरून पत्र आले की तो जेवत नसे, तिसऱ्या मजल्याच्या नळाला कोणी सुतळी बांधली होती. समितीने या संधीचा लाभ घेऊन आपल्या अनेक प्रलंबित आठवणी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतल्या. त्यांना सर्वजण आठवत होते. सर्वांना ते सोडून सर्व आठवत होते. मंडळाच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती; ज्याने पाहिले तो वेगळा आणि जो दिसला तो वेगळा, एवढाच याचा अर्थ.

"आणखी काही?" मनोहरकाकांनी घड्याळाकडे पाहिले.

दीनानाथांनी डब्याचे झाकण घट्ट केले. "तुम्हाला कावीळ झाली होती. ती सायकल माझी होती."



"सायकल तुमची असेल," नरेंद्रकाका हळू म्हणाले. "तेव्हा कोणीही कोणाचीही घ्यायचं."

"चालवतही मीच होतो."

"हे प्रमाणित झालंय हो. विवेक, काढ बघू ते पान."

"भाऊजी," मृदुलाकाकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, "मागच्या वर्षी माझी सायकल नुसती भिंतीला लावायला सांगितली, तर तुम्ही तिला गाईसारखं लांबून हाकलत होतात."

"वहिनी, तेव्हाच्या सायकली वेगळ्या होत्या."

समितीने आतल्या खोलीत जाऊन विचारविनिमय केला. निर्णय मनोहरकाकांनी वाचून दाखवला. तो मला आजही पाठ आहे, कारण इतका निष्पक्ष मजकूर मी क्वचित लिहिला आहे. अर्जदाराच्या सत्यतेविषयी समितीस शंका नाही. तथापि, सदर आठवणीतील सायकल चालवणाऱ्याची जागा पूर्वीच भरलेली असल्यामुळे रिक्त पद उपलब्ध नाही.

"मग मी निघू का?" दीनानाथ उठले. डबा मात्र त्यांच्या हातातच राहिला होता.

येथे मंडळाची माणुसकी दिसली. नरेंद्रकाका स्वतः म्हणाले, "अरे, बेवारसमधलं एखादं द्या की त्यांना."

बेवारस आठवणींत सर्वांत मौल्यवान म्हणजे 'पडदा'. तिसऱ्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी चुकीची दोरी ओढली, आणि भाषण देणाऱ्या प्राचार्यांवर मखमली पडदा दांडीसह कोसळला. पुढील दोन वर्षे गॅदरिंग बंद झाले. या प्रसंगास साक्षीदार तीनशे आहेत. दोरीस हात लावलेला एकही नाही.

"पडदा तुम्ही पाडला होता का?" मनोहरकाकांनी विचारले.

"नाही. त्या दिवशी मी घरी—"

"घाई नाही. विचार करून सांगा."

दीनानाथांनी खिडकीबाहेरच्या कालव्याकडे पाहिले. एक बदक काठावर चढण्याचा प्रयत्न करत होते आणि घसरून पुन्हा पाण्यात जात होते. त्याला कोणीही हसत नव्हते.

"असेन," ते शेवटी म्हणाले. "मीच असेन तो."

"पडद्या," नरेंद्रकाका खुर्चीतून उठले, "साल्या, तू होतास होय? आणि इतका वेळ तुम्ही-आम्ही करत बसलायस."

ग्रुपवर बातमी टाकताच पाचच मिनिटांत नऊ सदस्यांना दीनानाथ लख्ख आठवले. एकाला त्यांचे दोरीत अडकलेले बोट आठवले, एकाला त्यांचे पळणे, आणि सध्या टेक्सासला गेलेल्या एका सद्गृहस्थास तर त्या दिवशीचा त्यांच्या शर्टाचा रंग. किमान दोघांची अट साडेचार पटीने पूर्ण झाली. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी डबा हिसकावून चकली खाल्ली. चार वर्षे आणि त्यावर तीन दशके थांबलेला मनुष्य जे न केल्यामुळे आठवत नव्हता, ते न करताच आठवू लागला.

आनंदाप्रीत्यर्थ पुन्हा चहा ठरला आणि दूध संपल्याचे लक्षात आले. गाडी लेक घेऊन गेली होती. मनोहरकाकांच्या गुडघ्याला तर त्यांच्या डच डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल आणि शुभेच्छा दिल्या होत्या. दीनानाथ मनोहरकाकांना म्हणाले, "बस मागे. दुकान तू दाखव." मृदुलाकाकूंनी मला त्यांची सायकल देऊन पाठोपाठ धाडले, कारण दोन अभियंते नेहमी चुकीचे दूध आणतात.

जूनमधली संध्याकाळ होती. या दिवसांत येथला सूर्य पाहुण्यासारखा निघतो-निघतो म्हणत थांबून राहतो.  या देशात चढ नाहीत. फक्त पूल आहेत. पुलाच्या पायथ्याशी सायकल डगमगली. दीनानाथांचा श्वास जड झाला, आणि मागे न पाहता ते सवयीने बोलावे तसे बोलले.

"झोपू नकोस रे. पाढा म्हण."

 मागच्या कॅरिअरवर बँकेच्या प्रणालींचे मुख्य रचनाकार, दोन्ही हातांनी समोरचा शर्ट धरून, हलक्या आवाजात म्हणू लागले. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." कोणता पाढा, हे कोणी सांगितले नव्हते. तो त्यांच्या कोणत्याही प्रमाणित आठवणीत नव्हता.

पुलाच्या माथ्यावर ते थांबले. मनोहरकाका उतरले आणि कठड्याला टेकले.

"नऱ्याला दुसरं काही नाही रे," ते म्हणाले. "बायको गेली. मुलगा फोन करत नाही. ती एक सायकल आहे त्याच्याकडे."

"असू दे," दीनानाथ म्हणाले. "पडदा बरा आहे. सगळे हसतात."

"एकोणतीसचाच का रे घ्यायला लावायचास?"

"अवघड होता. त्यानं तू जागा राहायचास."

मनोहरकाकांनी रुमाल काढला, नाक पुसले, आणि मग त्यांना माझी आठवण झाली. "विकास," ते म्हणाले, "हे मिनिट्समध्ये घेऊ नकोस."

मी घेतले नाही. इतिवृत्तात एवढीच नोंद आहे की दूध आणण्यात आले आणि ते योग्य होते. दीनानाथ आता प्रत्येक सभेस येतात, पडद्याची हकिकत उत्तम सांगतात, आणि बुधवारच्या वांग्याचा विषय निघाला की मनोहरकाकांच्या शेजारी जाऊन बसतात. नरेंद्रकाका मऊ खुर्चीत असतात. सर्व काही नियमानुसार आहे.

एक किरकोळ तांत्रिक बाब मात्र शिल्लक आहे. पुलावरची गोष्ट खरी असल्यास तिला दोन साक्षीदार हवेत. ते दोघे बोलणार नाहीत. पहिला साक्षीदार मी आहे. दुसरा म्हणून मी आपले नाव सुचवले आहे, वाचक महाशय; आपण पूल पाहिलात, पाढा ऐकलात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे समिती फारसे विचारत नाही. दुसऱ्या साक्षीदारास एकच प्रश्न असतो: पहिल्या साक्षीदाराचे नाव काय. मी ते सुरुवातीला एकदा सांगितले होते. मागे न पाहता सांगावे.

विकास नाही. विवेकही नाही.