दगडाच्या काळजाचे भाऊरावकाका

भाऊरावकाकांकडे दुपारी गेलात तर चहा दिवेलागणीला मिळे, आणि तोही कपापेक्षा बशीत जास्त. मदतीला कोणी उठलं की काका गरजत, "हात नका लावू! चहा बनून राहिला!"

चहा बनवत असत सुशीलाकाकू, एका हातानं. लकव्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. नागपूरच्या दवाखान्यातल्या थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, रोजची कामं त्यांची त्यांनाच करू द्या, हातालाही बळ येईल आणि मनालाही. वीजखात्यातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे काका तेव्हापासून दिवसभर काकूंसमोर बसून ओरडत, "धरला लसूण! आता सोल! वा रे पठ्ठी!" स्वतः मात्र काडी उचलत नसत.

सौंसरच्या आमच्या गल्लीतल्या बायका म्हणत, "दगड हाय हा माणूस."

मीही म्हणायची. उजव्या हातात थोडं बळ आल्यावर एकदा वेणी घालताना काकूंच्या हातून कंगवा सारखा पडत होता. शेवटी त्या रडायलाच लागल्या.

"अवो, एवढी घालून द्या ना."

"नाही."

मला संताप आला. भांडायलाच मी काकांजवळ गेले, आणि पाहिलं तर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"दाबले नाही तं धावतेत साले," ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी वेणी झाली. वाकडीतिकडी, पण झाली. काकू ती दाखवायला गल्लीभर फिरल्या.

हिवाळ्यात लकव्याचा दुसरा झटका आला आणि काकू गेल्या.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. मी डबा घेऊन गेले, तर काका कोपरापर्यंत पिठात. तव्यावर पोळी जळत होती.

"काका, मी देत जाईन ना रोज डबा."

"नको, पोरी. दवाखान्यातल्या त्या बाई सुशीलेले समजावत होत्या, तवा मी बाजूलेच बसलो होतो. आपलं काम आपण करत राहिलं तं माणूस आतून मोडत नाही म्हणे." त्यांनी पोळी उतरवली. "मले वाटे, हे तिच्यासाठीच हाय."

पोळीचा अर्धा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वरून करपलेली, आतून कच्ची.

"चांगली झाली," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू."

पिठाच्या हातानंच त्यांनी डोळे पुसले आणि दुसरा गोळा लाटायला घेतला.