रुंद तोंडाची बाटली

डॉक्टर सबनीस फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. "हू फिल्ड धिस बॉटल?" असं थेट गरजत. पलीकडच्या व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, आपला गुन्हा कळायच्या आत त्याला शिक्षा झालेली असायची.

कार्डिफच्या आमच्या लॅबमध्ये जनावरांच्या गाठी, लिव्हरचे, किडनीचे तुकडे तपासायला यायचे. मायक्रोस्कोपखाली बघून आजार कोणता ते आम्ही फॅक्सनं कळवायचं. तुकडे येतात फॉर्मलिनमध्ये बुडवून. आता हे व्हेट लोक कॉलेजात काय शिकतात देव जाणे! मऊ गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबायची आणि फॉर्मलिननं ती कडक झाली की बाहेर काढायची आम्ही. ओढून काढली की तिच्या कडा फाटतात, आणि कॅन्सर पुरता निघाला की नाही ते कडांवरूनच कळतं. मग आम्ही काय अंदाजपंचे सांगायचं? सबनीसांचा पारा चढायचा आणि खरं सांगते, माझाही.

"आत जाताना लोणी, बाहेर येताना लाकूड! काय ही अक्कल!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोन आपटून झाला की उरलेला राग माझ्यावर निघायचा. मी त्यांची ज्युनियर, आणि लॅबमध्ये मराठी कळणारी एकटीच. "तुमच्या मुंबईत सुरीला धार लावायला शिकवत नाहीत का?" म्हणे! गुन्हा व्हेटचा आणि उद्धार माझ्या मुंबईचा.

त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे ठमी. ही त्यांच्या बायकोची मांजर. वहिनी वारल्या आणि ठमी मागे राहिली. "ही गेली ती ही ब्याद माझ्या गळ्यात बांधून," असं रोज लंचला ऐकायचं. ठमीनं सोफा फाडला. ठमीला कॅटफूड चालत नाही, बिनकांद्याचे पोहे लागतात. "उद्या रेस्क्यू सेंटरला देऊन टाकतो!" तो उद्या काही उजाडला नाही.

एका सकाळी त्यांनी बॅगेतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. अरुंद तोंडाची. आत गाठ घट्ट अडकलेली. अशी संधी मी सोडते होय?

"हू फिल्ड धिस बॉटल?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"मी," ते म्हणाले. "ठमीच्या मानेवरची आहे. काल काढली. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून व्हेटकडून मीच घेतली. हाताला जी बाटली लागली, तिच्यात..."

मी बाटली टॉवेलात गुंडाळून फोडली. कडा शाबूत होत्या. "स्लाइड तू बघ," ते म्हणाले. "माझ्यानं होणार नाही."

स्लाइड दुसऱ्या दिवशी तयार झाली. मी बघत होते तेवढा वेळ ते खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"सर, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

"मग एवढी चिरफाड कशाला केली त्या गाढवानं?" ते कडाडले.

आता मात्र माझंही डोकं फिरलं. "अहो सर, आनंद तरी माना! आणि ती ब्याद नकोच होती ना तुम्हाला?"

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"भूल देताना सगळे तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलत होते गं. 'गुड गर्ल, गुड गर्ल.' तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही. सारखी माझ्याकडे बघत होती." मग म्हणाले, "ती गेली असती, तर घरी मी मराठीत कोणावर ओरडलो असतो?"

दुसऱ्या दिवशी मी ठमीसाठी डब्यातून बिनकांद्याचे पोहे नेले. त्यांनी झाकण उघडून एक घास चाखला.

"मीठ किती घातलंयस! मांजराला? काय ही अक्कल! तुमच्या मुंबईत..."

मी त्यांना पोटभर ओरडू दिलं.