गळत्या तोटीचे शास्त्रशुद्ध निदान

गळणाऱ्या तोटीखाली माणूस पहिल्या दिवशी वाटी ठेवतो, दुसऱ्या दिवशी बादली ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी समिती नेमतो. संस्कृती म्हणतात ती हीच. जनावराला गळणारी तोटी दिसली तर ते सरळ तोंड लावून पाणी पिते. त्यामुळे जनावरांत समित्या नाहीत, आणि प्रगतीही नाही.

आमच्या पांढरकवड्यात १९६३ साली जी समिती नेमली गेली तिचा मी चिटणीस होतो. मी प्राथमिक शाळेचा निवृत्त हेडमास्तर. निवृत्त होताना एक शिक्का चुकून माझ्याबरोबर आला होता, आणि गल्लीत दुसऱ्या कोणाकडे शिक्का नव्हता, एवढीच माझी पात्रता. अध्यक्ष बापूजी. त्यांचा गावाबाहेर संत्र्यांचा मळा होता आणि प्रत्येक विषयावर एक मत होते. तोटी मात्र तानाबाईंच्या घरची होती. आमच्या गल्लीतला पहिला घरगुती नळ त्यांच्या न्हाणीत आला, तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू वाहून खणानारळाने त्याची ओटी भरली होती. (नळ आमच्याकडे पुल्लिंगी आहे. ही बाब नंतर लक्षात आली. पण खण परत कोण मागणार?)

चौदा महिने नळ सुनेसारखा वागला. नंतर गळू लागला. मी घड्याळ लावून मोजले: मिनिटाला बेचाळीस थेंब, एकादशीला चव्वेचाळीस. तानाबाईंचे चिरंजीव घनश्याम यांनी तोटीला ताबडतोब चिंधी बांधली. हा उपाय आपल्या प्रांतात फार जुना आहे. चिंधीने गळती थांबत नाही, आवाज थांबतो. आणि आवाज थांबला की आपल्याकडे तक्रार मिटली असे धरतात.

तरी समितीने रीतसर निदान केले. समितीतल्या वैद्यांनी तोटीला बोटे लावून नाडी पाहिली आणि वाताचा दोष सांगितला. बापूजींच्या मते नळ उत्तराभिमुख असल्याने गळत होता. एका सदस्याने तोटी जास्त जोराने पिळावी असे सुचवले, आणि सर्वांनी आळीपाळीने ती पिळली. तेव्हापासून थेंब मिनिटाला साठ झाले. सुधारणा दिसत होती, फक्त दिशा उलटी होती.

अखेर कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या फिटरला, फकिराला, बोलावणे गेले. फकिरा जवळच्या तांड्यावरचा. त्याच्याजवळ मत नव्हते, पाना होता. त्याने चौकातली चावी बंद केली, तोटीची टोपी उघडली, आतली दांडी काढली आणि तिच्या बुडातून एक काळी, कुजकी चकती नखाने उचकटून सर्वांना दाखवली.

“वायसर सडला. दुसरं काई नाई.”

“कशाचा हाये तो?” तानाबाईंनी विचारले.

“कातड्याचा. सगळ्याइच्या तोटीत असते.”

न्हाणीत अशी शांतता पसरली की गळती चालू असती तर ऐकू आली असती. चौदा महिने! त्या पाण्याने देवांची आंघोळ झाली होती, श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, आणि बापूजी रोज सकाळी तिथे येऊन ‘नळाचं पाणी पचाले हलकं’ म्हणत तांब्याभर पीत होते. बापूजींना तिथल्या तिथे कळ आली. (कातड्याचा परिणाम ते कळल्यापासून सुरू होतो, असा शोध त्या दिवशी लागला.)

तानाबाईंनी निकाल दिला. नळाच्या तोंडात दट्ट्या ठोका. शुद्ध वायसर मिळेपर्यंत घरात पाणी येईल ते बापूजींच्या मळ्यातल्या विहिरीचे. ते आणायचे सुनेने.

सून म्हणजे कोकिळा. तिला सातवा महिना होता. मळा अर्धा मैल, विहिरीला एकोणीस पायऱ्या, रोज सहा खेपा, डोक्यावर दोन घागरी. या अवस्थेत चालणे बाईला हितकारक असते, असे बापूजींनी समितीत सांगितले, आणि घोटभर पाणी मागितले.

इथे एक तांत्रिक खुलासा केला पाहिजे. मळ्यातल्या त्या विहिरीवर बैलांची मोट चालत असे आणि मोट अखंड बैलाच्या कातड्याची होती. रोज शेकडो वेळा ती त्याच पाण्यात बुडे. मी हे तानाबाईंच्या अपरोक्ष सभेपुढे मांडले. त्यावर असे ठरले की मोट उघड्यावर असते, तिला वारा लागतो आणि वाऱ्याने दोष जातो. शिवाय मोट वाडवडिलांपासून आहे, वायसर परवाचा. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला.

पुढचे अकरा दिवस शुद्ध वायसराचे प्रयोग चालले. सुपारीची चकती दोन तासांत फुगून फुटली. नारळाच्या करवंटीने पाणी थांबवले ते असे की तोटी उघडूनही ते येईना. तांब्याच्या चकतीतून बारीक तुषार उडून घनश्यामरावांचा सदरा भिजला. त्यांनी याही वेळी चिंधी सुचवली. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर छान बसले होते. पण ती ट्यूब वाटेत कशाकशावरून गेली असेल, असा आक्षेप निघाला. (ट्यूब टायरच्या आत असते. समितीने ही बाब नोंदवून घेतली आणि बाजूला ठेवली.) फकिरा प्रत्येक चकती मुकाट्याने बसवायचा, मुकाट्याने काढायचा.

बाराव्या दिवशी कोकिळा पायरीवरून घसरली. खालच्या पायरीवर बसली म्हणून वाचली. एक घागर मात्र गडगडत तळाशी गेली. त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी माझ्याच अक्षरात लिहिले आहे, ‘घागरीस पोचा आला.’ रात्री ते वाक्य परत वाचले आणि मला माझी लाज वाटली. इतिवृत्तात लाजेचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळा माझ्या दारात उभी राहिली. गुडघा बांधलेला, मागे फकिरा.

“गुरुजी, तुळशीच्या लाकडाचा वायसर शास्त्रात चालते का?”

“चालतो की,” मी म्हणालो. “तुळशीपेक्षा शुद्ध काय असणार? पण तोटीत टिकायचा नाही.”

“तोटीत कायले टिकवता?” फकिरा म्हणाला. “तोटीत मी कातड्याचा बसवतो. तुळशीचा तुमी कागदावर बसवा.”

मी घुटमळलो. मी उभ्या आयुष्यात खोटा दाखला दिला नव्हता, असे सांगू लागलो. कोकिळेने मला पुरते बोलू दिले नाही.

“काल मी पडली, तवा पोटातलं लेकरू बराच वेळ हाललं नाई. मंग हाललं. त्याचा दाखला द्याले तुमच्या समितीतला कोणी आलता का? आता मी विहिरीवर जात नाई, गुरुजी. तुमी लिहा, नाई तं सासूबाईले मी सांगतो का मोट कशाची असते, आन् मंग सारं गाव तहानेनं मरू द्या.”

मी लिहिले. ‘दाखला देण्यात येतो की सदर तोटीतील वायसर तुळशीकाष्ठाचा असून सर्व शुभकार्यास योग्य आहे.’ खाली शिक्का मारला. शिक्क्यावर ‘इयत्ता चौथीपर्यंत’ असे होते. कोणी वाचले नाही.

फकिराने वायसर बसवला. गळती थांबली. तानाबाईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “पाण्याले तुळशीचा वास येते.” बापूजींची कळ तिथल्या तिथे गेली, आणि त्यांनी आपल्या घरीही नळ घेतला. आजवर मी एकतीस दाखले दिले आहेत. वायसर सगळे फकिरानेच कापले, बापूजींनी मळ्यात टाकून दिलेल्या जुन्या मोटेतून. कातडे मुरलेले, फार टिकते. कोकिळेला मुलगी झाली. ठणठणीत आहे. बारशाच्या दिवशी समितीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला, तेव्हा कोकिळा पंगतीत पाणी वाढत होती.

आता वाचकांपैकी काहींना आपल्या घरच्या तोटीविषयी शंका आली असेल. खात्री करणे सोपे आहे. चावी बंद करा, पान्याने टोपी उघडा, दांडी वर काढा आणि बुडाशी पाहा. पण तुम्ही तसे काही करणार नाही, हे मी शिक्क्यानिशी लिहून द्यायला तयार आहे. एवढे वाचून तुमचा घसा कोरडा पडला आहे. तुम्ही बसल्या जागेवरून आत हाक माराल, आणि कोणीतरी हातातले काम टाकून पाणी आणून देईल. ते पिताना तुम्ही म्हणाल, त्या पांढरकवड्याच्या लोकांनी बिचाऱ्या सुनेला काय राबवले हो! आणि रिकामा पेला तिच्याकडेच परत द्याल.